चढावर दम सोडणारी गाडी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कोणी नसतं. कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीचं मागचं आवार. कुंपणाच्या भिंतीला लागून बदामाचं झाड, त्याखाली वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची, पलीकडे पाण्याच्या टाकीचं गंजलेलं झाकण. सकाळचं ऊन पानांमधून खाली सांडलेलं. त्या उन्हात मधोमध एक निळी गाडी, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी. तिच्या मागच्या धुराच्या नळीचं तोंड माझ्या पोळ्यांच्या डब्याएवढं. बॉनेट उघडं आहे. थोडा वेळ काहीच हलत नाही. मग बॉनेटच्या आडून एक पांढरं डोकं हळूच वर येतं, इकडेतिकडे पाहतं आणि पुन्हा खाली जातं.

हा वामन नाखवांचा प्रवेश.

मी बरोबर त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसलेली असते. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून माझा दिवस तिथेच जातो. उभा जन्म पडद्याच्या आतल्या बाजूने काढला, आता प्रेक्षकांत बसायची पाळी आली आहे. जागा पहिल्या रांगेची आहे, तक्रार नाही.

वामनराव मूळचे मोऱ्याचे, उरणच्या धक्क्यावरचे कोळी. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जाणं होतं, पण जाळं ओढणं हे त्यांचं काम नव्हतं. बोटीच्या पोटात, डिझेलच्या वासात बसून इंजिन सांभाळणं हे त्यांचं काम. बाहेर वादळ असो नाहीतर चांदणं, त्यांना दिसायचा तो फक्त हलता कंदील आणि धडधडणारं लोखंड. तळहात इंजिनावर ठेवून त्याला काय होतंय ते सांगायचे म्हणे. मी विचारलं तर हसले आणि म्हणाले, बायको आजारी पडली तेव्हा तिच्या कपाळावरही असाच हात ठेवला होता, तेव्हा मात्र काही कळलं नाही.

बायकोचं नाव पुतळा. उरणच्या बाजारात मासे विकायची. तिच्या टोपलीवर एकुलता एक मुलगा तेजस शिकला, मोटारींच्या कामातला इंजिनीअर झाला, नोकरी लागल्यावर कामोठ्यात फ्लॅट घेतला आणि आईबापांना इकडे घेऊन आला. पुतळाबाईंना मी पाहिलंय. जिन्यात भेटली की माझ्या हातातली पिशवी न विचारता काढून घ्यायची. ठसठशीत कुंकू, घट्ट नेसलेलं लुगडं आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा आवाज. असा आवाज मला तरुणपणी मिळाला असता तर मी कुठल्या कुठे गेले असते. ती गेली तेव्हा आमची इमारत एकदम शांत झाली. आणि यंदाच्या पावसाळ्याआधी तेजसला जर्मनीत नोकरी मिळाली आणि तोही गेला. इंजिनं तपासायचं, त्यांच्या चाचण्या घ्यायचं काम आहे. पोरगा हुशार, मनाने चांगला, फक्त तोंडातून शब्द निघायला पाणबुडी सोडावी लागते. त्या बाबतीत तो थेट बापाचा.

मागे राहिले वामनराव आणि ही निळी गाडी.

गाडी तेजसने जुनी घेतली होती आणि त्याचा मित्र विपुल, जो महाप्याला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, त्याच्या साथीने तिचं रूपच पालटून टाकलं होतं. टर्बो म्हणजे काय, हे मला वामनरावांनी समजावलं. गाडीच्याच धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा, तो इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. तेजसने मूळचा पंखा काढून मोठा बसवला, हवा गार करायला पुढे जाळी लावली, जाड जाड पाइप टाकले, आणि कुठल्या वेळी किती पेट्रोल सोडायचं याचा गाडीच्या मेंदूतला हिशेब स्वतः बसून नव्याने लिहिला. त्याला ते ‘मॅप’ म्हणतात. गाडी सुरू झाली की तिसऱ्या मजल्यावरची भांडी वाजायची. आमचे सेक्रेटरी सुधीरराव दर मीटिंगला त्यावर बोलायचे आणि मीटिंग संपली की खाली जाऊन गाडीभोवती एक फेरी मारायचे.

तेजस गेला तेव्हा ठरलं होतं, पावसाळा संपला की विपुलने गिऱ्हाईक बघायचं आणि गाडी विकायची. वामनरावांनी मान हलवली. तोवर ते अधूनमधून चालवतील, म्हणजे गाडी बसणार नाही.

मुलाचा फोन यायचा रविवारी. जेवलास का, थंडी हाय का, काम बरं हाय का. मग पाच-दहा श्वासांची शांतता, आणि ‘बरं, ठेवतो पप्पा’. नाटकात अशी शांतता पडली की आम्ही म्हणायचो कोणीतरी वाक्य विसरलं. इथे कोणी काही विसरलं नव्हतं. दोघांकडे वाक्यच नव्हतं. पूर्वी मधल्या जागा भरायला पुतळाबाई होती.

नारळी पौर्णिमेला वामनरावांनी गाडीला हळदकुंकू लावलं, डॅशबोर्डवर नारळ ठेवला आणि दर्याला वाहायला म्हणून मोऱ्याला निघाले. गव्हाण फाट्याकडच्या पुलावर चढताना गाडीने अचानक दम सोडला. इंजिन बंद पडलं नाही, आवाज चालू, पाय तळाला टेकलेला, पण ताकद नाही. मागून बंदराकडे जाणारे ट्रेलर भोंगे वाजवत अंगावर आलेले. कशीबशी कडेला घेतली, बंद केली, श्वास घेतला, पुन्हा चालू केली, तर शहाण्या मुलीसारखी चालायला लागली. पुढच्या चढाला पुन्हा तेच.

संध्याकाळी परत आले ते गॅलरीखाली उभे राहून मला म्हणाले, “बाय, गारी बिगरली नाय. तिचा जीव कुटंतरी आडकतंय.”

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून जर्मनीला फोन केला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, तिकडच्या जेवणाच्या सुट्टीत, तेजसचा फोन आला. रविवार नव्हता.

मग दुपारचा फोन रोजचाच झाला. आमची जेवणं उरकून इमारत डुलक्या काढत असायची आणि खाली बदामाच्या सावलीत खेळ सुरू व्हायचा. मोबाइल वायपरला टेकवून उभा, आवाज मोठा, कारण वामनरावांचे दोन्ही हात ग्रीसने भरलेले. तेजस सांगायचा, ते शोधायचे. टर्बोपासून जाळीपर्यंतच्या रबरी पाइपावर तेलाचा डाग आहे का. क्लॅम्प सैल आहे का. साबणाचं पाणी सोडून बघा, बुडबुडे येतात का. पंख्याचा जोर आवरणारी छोटी नळी चिरली आहे का. पोरगा, जो जिन्यात भेटला तर मान खाली घालून ‘नमस्ते काकू’ एवढंच म्हणायचा, तो घडाघडा बोलत होता. बापही बोलत होता. मध्येच इंजिनावरून बोटीवर जायचे, बोटीवरून ती हाकणाऱ्या कुठल्याशा जुन्या तांडेलावर, आणि तेजस तिकडे सँडविच खात हसायचा. त्याचं हसणं मी यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी पाहिली. गाडीखाली लोळायला जायचं, तरी वामनराव त्याआधी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. मी एकदा विचारलं, इतकं नटून कुठे? तर म्हणाले, पोरगा बघतंय ना. फोन संपला की शर्ट काढून बदामाच्या फांदीला अडकवायचे आणि गंजीवर कामाला लागायचे.

शनिवारी विपुल आला. गाडीला एक छोटं यंत्र जोडून त्याने मोबाइलवर आकडे पाहिले, वामनरावांना शेजारी बसवून पुलापर्यंत जाऊन आला. निदान असं झालं की टर्बोचा दाब पाहिजे तेवढा तयारच होत नाही. म्हणजे कोंबलेली हवा कुठूनतरी सुटते आहे.

वामनराव पुन्हा एकदा पाइप चाचपायला लागले तसा विपुल म्हणाला, “काका, टेन्शन नका घेऊ. ही गाडी आहे, होडी नाही. भोक पडलं म्हणून बुडणार नाही.”

“होरी आसती तर तू एवरा येल कोरडा ऱ्हायला आसतास का?” वामनराव गाडीखालून म्हणाले.

सगळे हवा कुठून बाहेर जाते ते शोधत होते. हवेचा फिल्टर विपुलने उघडून पाहिला, तो स्वच्छ होता, त्याने झाकण लावलं आणि विषय मिटला.

असे बरेच दिवस गेले. एके सकाळी, आदल्या दिवशी तेजसने सांगितलं होतं म्हणून, वामनरावांनी पुढच्या बंपरखालचं प्लास्टिकचं झाकण सोडवलं. तिथे खाली, दिव्याच्या मागे, बाहेरची हवा आत घेणाऱ्या पाइपाचं तोंड होतं. तेजसनेच ते तसं खाली वळवून घेतलं होतं, गार हवा मिळावी म्हणून. पाइपाला कुठे चीर आहे का ते हाताने पाहायचं होतं. वामनराव उताणे झोपून कोपरापर्यंत हात आत घालून चाचपत होते. हात थांबला. मग त्यांनी काहीतरी ओढायला सुरुवात केली, हळूहळू, कोळी जसा जाळ्यातला मासा फाटू न देता सोडवतो तसं.

बाहेर आला तो कापडाचा एक बोळा. हिरव्या सुती लुगड्याची पट्टी, ग्रीसमध्ये भिजलेली, एका बाजूला चपटी होऊन ताठरलेली.

ते उठून बसले. बोळा मांडीवर ठेवून बराच वेळ बसून राहिले. मी वरून हाक मारली नाही. रंगमंचावर एखादा नट असा बसतो तेव्हा आत उभं राहून वाट पाहायची असते, हे मला कळतं.

शेवटी त्यांनीच वर पाहिलं आणि मला सगळं सांगितलं. पावसात मासेमारी बंद होते, तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारतात, म्हणजे वरून झाकून ठेवतात. त्या वेळी इंजिनाच्या हवेच्या तोंडात जुन्या लुगड्याचा बोळा ग्रीस लावून दाबायचा, म्हणजे खारी हवा, उंदीर, काही आत जात नाही. हे सगळेच करतात. पण नाखवांच्या घरची एक रीत होती. बोळा दाबायचा तो इंजिनवाल्याने, आणि काढायचा तो घरच्या बाईने. नारळी पौर्णिमेला पुतळाबाई दागिने घालून बोटीवर चढायची, पदर खोचून इंजिनाशी वाकायची, बोळा ओढून काढायची, इंजिनाला कुंकू लावायची आणि म्हणायची, आता फिरवा. मग वामनराव इंजिन चालू करायचे. वामनरावांच्या वडिलांनी ही रीत घातली होती. ते म्हणायचे, दर्यावर जायच्या घाईत असलेल्या माणसाला आपण काय बंद केलंय ते आठवत नाही, तपासणारा हात दुसरा पाहिजे.

तेजस गेला त्या आठवड्यात आभाळ भरून आलं होतं. पावसात गाडी फारशी निघणार नव्हती, आवारात घुशी फार. वामनरावांच्या हातांनी आपोआप त्यांचं काम केलं. कपाटातून लुगडं काढलं, पट्टी फाडली, ग्रीस लावलं, हवेचं तोंड शोधून त्यात दाबलं. आणि पौर्णिमेला हळदकुंकू लावून गाडी चालू केली. उरलेलं अर्धं काम त्यांचं कधी नव्हतंच.

बोळा थोडा सैल बसला होता. सावकाश चालवताना कडेने पुरेल इतकी हवा जायची. चढावर पंखा जोरात हवा ओढायला लागला की बोळा ओढला जाऊन बुचासारखा बसायचा. गाडी बंद केली की पुन्हा सैल.

“मी दाबली चिंधी,” ते म्हणाले. “काडायची ती तेजसची आवस.” आवस म्हणजे आई.

मी म्हटलं, चला, सापडलं तरी, पोराला आनंद होईल. त्यांनी मान हलवली.

दुपारी फोन आला. शर्ट इस्त्रीचा होता. तेजसने विचारलं, पाइप बघितला का पप्पा, चीर आहे? वामनराव म्हणाले, बगितला, चीर नाय. ते खरंच होतं. तेजस म्हणाला, मग आता स्पार्क प्लग बघू, उद्या सांगतो कसं ते. उद्या, असं तो म्हणाला. वामनरावांनी हं म्हटलं. मग दोघं चांगले लांबलचक बोलले. तिकडे रस्त्यावर बोरासारखी कसली फळं विकायला आली आहेत त्यावरसुद्धा.

फोन संपल्यावर वामनरावांनी शर्ट काढून फांदीला अडकवला, खाली निजले आणि बोळा होता तिथे परत घातला. झाकण बसवलं, स्क्रू पिळले. मग वर पाहिलं. मी पाहत होते हे त्यांना माहीत होतं. खरं सांगते, मला त्यात वाईट असं काही दिसलंच नाही. भुकेल्या माणसाने ताट थोडं जवळ ओढलं, एवढंच दिसलं.

मग प्लग झाले. प्लगनंतर इंधनाचा पंप. मग कसलीशी सेन्सरची तार. वामनराव प्रत्येक गोष्ट मन लावून तपासायचे आणि खरं उत्तर द्यायचे. प्लग बरे हाईत, तार बरी हाय. मधे विपुल खारघरचं एक गिऱ्हाईक घेऊन आला. ते बिचारे पुलावर जाऊन आले आणि चावी परत देऊन गेले. मला वाटलं वामनराव मनातून सुखावले असतील. गिऱ्हाईक फाटकाबाहेर गेलं तेव्हा ते गाडीच्या टपावर हात फिरवत उभे होते.

आणि एका दुपारी तेजस म्हणाला, आता असं फोनवर नाही जमणार, मी येतो. दिवाळीत सुट्टी मागितली आहे, टर्बो उतरवून सगळं स्वतः बघतो.

त्या दिवसापासून वामनरावांच्या घरात सण शिरला. गाद्या उन्हात आल्या. पंखे पुसले गेले. मोऱ्याहून सुके बोंबील आले आणि आमच्या जिन्याला त्यांचा वास लागला. सुधीरराव नाक धरून खाली उतरायचे, तर वामनराव त्यांना थांबवून सांगायचे, पोरगा येतंय. मला तर एका दिवसात तीनदा सांगितलं. गारीसाठी येतंय, पन येतंय ना बाय. मी म्हटलं, हो तर. माणूस आधी घरात येऊ दे, कशासाठी आला ते मागाहून बदलता येतं.

पुढच्या आठवड्यात मधल्याच एका दिवशी विपुल एकटाच आला. नेहमीसारखी थट्टा केली नाही. वामनरावांशी गाडीला टेकून हळू आवाजात बोलत राहिला, आणि मला वर सगळं ऐकू आलं, कारण नाटकवाल्या माणसाचे कान शेवटच्या रांगेतला खोकलासुद्धा टिपतात. तेजसची झोप उडाली आहे. त्याला वाटतंय मॅपच चुकला, म्हणजे त्याने स्वतः लिहिलेला हिशेबच चुकीचा आहे, आणि गाडी इतके दिवस नशिबाने चालली. आता तिकडच्या कामातही त्याला तसंच वाटायला लागलं आहे. एखादं इंजिन तपासून ‘ठीक आहे’ असं लिहायची वेळ आली की तो पुन्हा पहिल्यापासून तपासायला बसतो. साहेबाने दोनदा बोलावून विचारलं, बरं आहे ना?

“तो कुणाला सांगणार नाही काका,” विपुल म्हणाला. “मला पण खोदून काढावं लागलं. तुम्ही जरा समजवा त्याला.”

विपुल गेला. वामनराव वॉचमनच्या खुर्चीवर बसले. उन्हं सरकून त्यांच्या पायांवर आली तरी उठले नाहीत. मग गॅलरीखाली येऊन मला एका माणसाची गोष्ट सांगितली. मोऱ्याला एक इंजिनवाला होता, वामनरावांहून तरबेज. एकदा दर्यात त्याच्या बोटीचं इंजिन बंद पडलं, चूक त्याची नव्हती, पण लोक बोलले आणि त्याने ते खरं मानलं. पुढे इंजिन चालू करायच्या आधी तेच तेच नट पुन्हा पुन्हा पिळत बसायचा. शेवटी धक्क्यावर बर्फ फोडायला राहिला, मरेपर्यंत.

“बर्फ बी चांगला फोडायचा,” वामनराव म्हणाले. एवढंच म्हणून वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत आले तेव्हा बंपरखालचं झाकण बाहेर पडलेलं होतं आणि गाडी जागेवर नव्हती. तासाभराने आली. पुलाकडून आली हे तिच्या आवाजावरूनच कळत होतं. भांडी वाजली. वामनराव उतरले, बोळा बॉनेटवर ठेवला आणि दुपारची वाट पाहत बसले. दाढी केली नाही. शर्टही कालचाच होता.

फोन वाजला तसा त्यांनी तो वायपरला टेकवला. जर्मनीतलं आभाळ राखाडी होतं, तेजसच्या गळ्यात मफलर. तो पंपाविषयी काही विचारायला लागला, तर वामनरावांनी त्याला थांबवून सांगितलं की गाडी बरी झाली. बोळा उचलून स्क्रीनसमोर धरला. पावसाच्या आधी मीच दाबला होता, काढायचा राहिला, म्हणाले.

तेजस आधी नुसता बघत राहिला. मग हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आईची चिंधी, पप्पा, आईची चिंधी, असं म्हणत राहिला. मग एकदम गंभीर होऊन विचारलं, म्हणजे मॅप बरोबर आहे?

“मॅप बरोबर. पाइप बरोबर. तुजा हात बी बरोबर,” वामनराव म्हणाले. “आज पुलावर अशी गेली, का ट्रेलरवाला बगत ऱ्हायला.”

पोराने डोळे मिटून श्वास सोडला. वरून मला तो चेहरा बोटभरच दिसत होता, तरी खांदे खाली आलेले दिसले. मी मनात म्हटलं, झालं, आता इथेच पडदा पाडा वामनराव. कोणाला काही कळणार नाही. पोरगं हसतंय, त्याचा हात त्याला परत मिळाला आहे, आणि सुट्टी तर मागितलेलीच आहे.

पण ते थांबले नाहीत. खाली मान घालून, बोळ्याची एकेक घडी उलगडत, त्यांनी सांगितलं की ही आज नाही सापडली. पाइप बघायला सांगितलास ना, त्या दिवशीच सापडली होती. मग परत आत घातली.

जर्मनीत कोणीतरी मागून काही बोललं. तेजसने वळून पाहिलं नाही.

“परत घातलीत?” तो म्हणाला. “का?”

वामनरावांनी शेवटची घडी मोकळी केली. पट्टी आता पूर्ण उलगडली होती. तिच्या काठावरची नक्षी ग्रीसखालून थोडीथोडी दिसत होती. तेजस स्क्रीनवर एका बाजूला पाहत होता, ओठ आवळून. तो चिडला आहे की दुसरं काही, ते इथून सांगता येत नव्हतं. मला वाटतं त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. मागून पुन्हा हाक आली, या वेळी जोरात. सुट्टी संपली असावी. त्याने तिकडे बघून हात वर केला, परत फोनकडे वळला आणि त्याचं बोट स्क्रीनवर मोठं मोठं होत आलं.

वामनरावांनी ग्रीसच्या हातानेच फोन वायपरवरून उचलून तोंडाजवळ धरला.

“आता काय बोलू नको तेजस,” ते म्हणाले. “पन फोन ठेवू नको.”